टॉवेलाखाली तीन बोटं

१

आधी टॉवेलाचं सांगतो, म्हंजे पुढचं नीट कळंल.

मी कुंडलिक. बेल्ह्याच्या बैलबाजारात पंचेचाळीस वर्सं दलाली केली, दर सोमवारी. आमच्या बाजारात किंमत तोंडानं बोलत न्हाईत. घेणारा आन् मी शेजारी उभं राहायचं, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आन् खाली बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन. तोंडानं मात्र थंडीपावसाच्या गप्पा. सौदा चालू असताना एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, नजर दुसरीकडं ठेवायची. तोंड बघितलं की माणूस गडबडतो.

बोटं फक्त आकडा सांगत्यात. आकडा कशाचा, ते इचारायचं न्हाई. दुसऱ्या हातात ज्याचं दावं हाय, त्या जनावराकडं बघून समजून घ्यायचं. पटलं की तळवा दाबायचा. तळवा दाबला की सौदा ठरला. पर जवर दावं आपल्या हातातनं सुटत न्हाई, तवर जनावर आपलं. एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या जोडीचा दलाल भिमाजी म्हणायचा, कुंडलिकच्या हाताला तोंड हाय. मला त्याचा लई गर्व व्हता, राव. उगं खोटं कशाला बोलू?

२

गेल्या डिसेंबरात आमी जपानला गेलो. आदेश, आमचा पोरगा, दोन वर्सं झाली ओसाका शहरात नोकरीला हाय. सूनबाई हाय, आन् अक्षदा हाय, माझी नात, सहा वर्सांची. निघताना कुशाबाईनं, म्हंजे आमच्या मंडळींनी, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"ह्यो तेवढा घरी ठेवा. तिथं काय बैल इकायचेत का?"

"थंडी हाय म्हणं तिकडं. कानाला बांधाया लागंल."

"मफलर घेतलाय की नवा!"

"मफलर टोचतोय," म्हणलो आन् टॉवेल घेऊनच विमानात बसलो. तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. हे ती आजबी रोज एकदा ऐकवती.

परतायला तीन दिवस राहिले व्हते तवा आदेशनं आमाला दोतोंबोरीला नेलं. दुपारचं चार वाजलं असतील. मधून कालवा, दोन्ही अंगाला दुकानं. एका हॉटेलाच्या कपाळावर बैलगाडीएवढा खेकडा, आन् त्याचं पाय हलत्यात! दारादारात पोरं उभी राहून "इराश्शाई, इराश्शाई" म्हणून ओरडत्यात. आदेश म्हणला, "नाना, म्हणजे या, या." म्हणलं, मग आपल्या बाजारावानीच हाय की रं. मला ते ठिकाण लई आवडलं. एवढी गर्दी, पर रेटारेटी न्हाई. धक्का लागला तर ज्याला लागला त्योच वाकून माफी मागतोय. आमच्याकडं खोडदच्या आभाळाएवढ्या दुर्बिणी बघाया आलेलं पावणं तोंड वर करून उभं राहत्यात ना, तसं आमी दोघं उभं.

आदेशनं गरम गरम गोळं आणलं, आप्प्यावानी दिसणारं.

"आत काय हाय रं?" कुशानं इचारलं.

"आई, आधी खा तू."

आठ पायाचा समुद्रातला प्राणी हाय, असं त्यानं सांगितलं. "आगं बाई! आठ पायाचं मी काय बी खात न्हाई," कुशा म्हणली. तवर तिचं चार खाऊन झालं व्हतं.

तिथं कालव्यावर एक पूल हाय. समोर हात वर करून पळणाऱ्या माणसाची दिव्यांची मोठी पाटी. सगळं जग त्या पुलावर येऊन दोन्ही हात वर करतं आन् फोटो काढतं. आदेश आन् कुशा जागा धराया पुढं गेले. मी कठड्याला लागून उभा. डाव्या हातात अक्षदाचा हात. गर्दीनं उकडाया लागलं, म्हणून टॉवेल कानावरचा काढून उजव्या हातावर टाकला.

आन् टॉवेलाखाली एक हात आला.

खिसेकापू असंल असं वाटाया पायजे व्हतं. पर बोटं लागली तशी मी वळखलं, ह्यो जाणत्याचा हात हाय. कोरडा, उबदार, अंगठ्याच्या बुडाला दाव्याचा घट्टा. त्यानं माझी दोन बोटं धरली. दोन.

मला हसूच आलं. म्हणलं, आपल्या आळेफाट्याकडचा कुणी सहलीला आला असंल आन् टॉवेल बघून चेष्टा करतोय. रिवाजाप्रमाणं मी नजर त्या पाटीवर ठेवली आन् त्याची चार बोटं धरली. त्यानं परत दोन. मी परत चार. काय सफाई त्या हाताची! ना घाई, ना दाब. "यंदा थंडी जास्त हाय," मी म्हणलो. बाजूनं कुणीतरी "हं" केलं. मग त्यानं तीन बोटं धरली. चांगला भाव वाटला मला. कशाचा, काय, डोक्यातबी आलं न्हाई. पंचेचाळीस वर्सांची सवय, मी तळवा दाबला.

"कुठलं पावणं?" म्हणून हसत वळलो.

उजव्या अंगाला कठडा व्हता. कठड्याच्या पलीकडं पाणी. माणसाला उभं राहाया तिथं जागाच नव्हती.

मी टॉवेल उचलला. खाली माझा एकट्याचा हात. मग ध्यानात आलं, माझ्या डाव्या हातात काय व्हतं ते.

३

"नाना, इकडं बघा! अक्षू, दोन्ही हात वर!" आदेश फोन धरून ओरडला.

मी तिचा एक हात सोडला न्हाई. तिनं दुसरा वर केला. पर सरळ न्हाई, कोपरात वाकवून, खांद्याएवढाच, आन् बोटं मिटलेली.

"बोटं उघड ना, त्या माणसासारखी."

"उघडत नाहीत बाबा," ती म्हणली आन् खिदळली.

पोरांचं काय, एकेक खूळ घेत्यात. असं मी मला समजावलं. आदेश लहानपणी दोन महिने लंगडत चालायचा, कशापायी तर शेजारच्या गेणूचा बोकड लंगडत व्हता म्हणून. पर स्टेशनापातूर तो हात तसाच व्हता. आई-बापाच्या मधी चालणारं पोर कसं दोन्हीकडं हात वर देऊन चालतं, तशी चालत व्हती ती. एका अंगाला मी. दुसऱ्या अंगाला माणसं येत-जात व्हती, पर तिच्या बाजूला माणूसभर जागा सोडून. कुणी बघून सोडत नव्हतं. आपसूकच बाजूनं जात व्हती.

तीन. मी जेवताना तेच घोळवत व्हतो. तीन कशाचे? नातीकडं बघून आकडा कसा समजून घ्यायचा? पैशाचा तर नव्हंच. भिंतीवर सूनबाईनं कॅलेंडर लावलं व्हतं, आमच्या जायच्या तारखेवर अक्षदानं रडका चेहरा काढला व्हता. त्या चेहऱ्यापातूर घरं मोजली. आज, उद्या, परवा.

परवा विमानतळावर मला तिचा हात सोडावाच लागणार व्हता.

४

आदेशचं घर म्हंजे दोन खोल्या. सगळं बोलतं तिथं. आंघोळीचं पाणी तापलं की मशीन गाणं म्हणतं, भात झाला की कुकर गाणं म्हणतो. कुशाला त्याचं लई कौतुक. पर सकाळी सहा-साडेसहाला मला जाग आली ती गाण्यानं न्हाई.

टॅक्. टॅक्.

जीभ टाळ्याला लावून काढतो तो आवाज. बसलेला बैल उठवाया, उभा बैल चालवाया. मी आयुष्यभर काढलाय. दाराबाहेरनं, गॅलरीतनं येत व्हता.

शेजारघरच्या मशीनची घरघर असंल, पायपातनं पाणी ठिबकत असंल, असं काय काय मनात आणलं. उठून दारापाशी गेलो. अक्षदा उभी. रात्री तिचा हात धरूनच झोपलो व्हतो, त्यो झोपंत कवातरी सुटला व्हता. अंगात झोपेचा फ्रॉक, पायात बूट, दोन्ही बूट बरोबर घातलेलं. तोंड दाराकडं, आन् एक हात कडीएवढा वर.

"कुठं चाललीस बाळा?"

"बोलवतायत."

"कोण?"

"ते आजोबा. त्यांच्याकडे पण टॉवेल आहे, आबा."

मी तिच्याशेजारी खाली बसलो. "तोंड कसं हाय त्यांचं?"

तिनं जरा इचार केला. "मी नाही बघितलं. बघायचं नसतं ना?"

"असं कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," ती म्हणली.

सांगितलंबी असंल मी. बाजाराच्या गोष्टी रोजच सांगत व्हतो तिला. सांगितलंच असंल. तिचा मोकळा हात धरला आन् मागं घेतली. येईना. रुसलेलं पोर ओढ घेतं तशी न्हाई, दाव्याला बांधलेलं वासरू ओढल्यावर मागनं जसा ताण लागतो, तसा ताण लागला. मग एकदम ढिला झाला.

५

त्या दिवशी मी तिचा हात सोडला न्हाई. एका हातानं जेवलो. ती चित्रं काढाया बसली तर तिचा पाय धरून बसलो.

"नाना, खेळू द्या की तिला," आदेश म्हणला. त्याला काय सांगणार? शिकलेला पोरगा, मलाच दवाखान्यात नेला असता.

शेवटी कुशानं मला सैपाकघरात घेतलं. "काय लावलंय हे? पोरगी कट्टाळली ना! उद्या जायचं म्हणून असं करताय व्हय?" बोलता बोलता तिचाच आवाज भरून आला. मग मी तिला सांगितलं, टॉवेलापासून कडीपातूर.

ती आधी हसली. "गर्दीत कुणाचा तरी हात लागला आन् तुमी बैल इकून मोकळं!" मग माझं तोंड बघितलं आन् हसू गेलं. पोरीकडं गेली, म्हणली, "ये गं, दुसरा हात आजीला दे."

तिनं धरायला हात पुढं केला. बोटं पोरीच्या मुठीपाशी नेली, इकडनं, मग तिकडनं. मग मागं घेतली आन् आपल्या तळव्याकडं बघत राहिली.

"माझा हात बसंना," ती हळूच म्हणली. "जागाच न्हाई तिथं."

त्यानंतर तिनं मला एक शिवी दिली. चाळीस वर्सांच्या संसारात पहिली. "मोडा त्यो सौदा," म्हणली. "कसा मोडायचा ते मला ठावं न्हाई. तुमीच ना त्या बाजाराचे राजे? मोडा."

६

तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. मिठाई न्यायची राहिली म्हणून सकाळी अकराला परत दोतोंबोरीला गेलो. आदेश दुकानात शिरला. आमी तिघं पुलावर, त्याच जागी. ऊन पडलं व्हतं, खेकडा पाय हलवत व्हता, पोरंपोरी हात वर करून फोटो काढत व्हती. एवढ्या हसऱ्या जागी भ्यायची लाज वाटत व्हती.

मी टॉवेल उजव्या हातावर टाकला आन् नजर पाटीवर लावली.

आला. वाटच बघत व्हता.

सौदा मोडायचा तर मूठ मिटायची असती. मी मूठ मिटली, घट्ट. त्या हातानं रागलोभ काय दाखवला न्हाई. एकेक बोट उघडत गेला. नातवाच्या मुठीतलं चॉकलेट काढावं इतक्या मायेनं. पाची बोटं उघडली आन् परत तीन धरली.

मोडत नसंल तर बाजारात अजून एक वाट असती. बदली. ह्या जनावराऐवजी ते घे. पर त्याला दुसरं दावं पुढं करावं लागतं, आन् माझा डावा हात तर पोरीच्या हातात.

"कुशे," मी म्हणलो, "माझ्या हातावरनंच तिचा हात धर. तिचा हात तुझ्या हातात आला की सांग. मधी फट पडता कामा न्हाई."

तिनं धरला. "आला," म्हणली. मी माझा हात खालनं काढून घेतला. टॅक् असा आवाज झाला अगदी कानाशी, आन् अक्षदानं एक पाऊल कठड्याकडं टाकलं. कुशा मागं रेलली, पर सोडलं न्हाई तिनं.

मी डावं मनगट टॉवेलाखाली घातलं. हे घे.

तो हात थांबला. मग चाचपाया लागला. मनगट, सांधे, बैलानं शिंग मारून मोडलेली करंगळी. मी बैलांचं दात कसं बघायचो, तसंच. मला लाज वाटाया लागली, राव. साठी उलटलेला, गुडघ्यात वात. कोण घेणार? मग तोंडात सवयीचं आलं तेच बोललो.

"चालीला चांगला हाय. खोड कसली न्हाई. मारत न्हाई, बुजत न्हाई."

"खोडी लई हायेत!" मागनं कुशा ओरडली. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत व्हतं. "मला इचारा! घोरतोय! कुणाचं ऐकत न्हाई! टॉवेल ठेवा म्हणलं तर ठेवला न्हाई! कामाचा न्हाई ओ, नका घेऊ!"

बाजूनं कुणीतरी श्वास सोडला. हसला का काय, कळलं न्हाई. त्यानं माझी बोटं एकत्र केली, बाजूला केली, आन् शेवटी एकच धरलं.

एक.

कशाचा, ते इचारायचं नसतं. मी तळवा दाबला.

"आबा," अक्षदा म्हणली, आन् इतका वेळ मिटलेल्या त्याच हातानं तिनं नाक खाजवलं, "ते गोळे खाऊया ना परत!"

७

विमानतळावर मी तिचा हात सोडला. ती काचेपलीकडनं दोन्ही हात हलवत व्हती, दहाची दहा बोटं उघडून. आदेशला वाटलं मी तिच्यासाठी रडतोय. खरंच तिच्यासाठी रडत व्हतो.

बेल्ह्याला येऊन एक दिवस गेला. एक आठवडा गेला, मग एक महिना. कुशाचं म्हणणं, एक म्हंजे एक जल्म. "ह्यो माझ्यासंगं पुरा करा, मग त्याच्याकडं जावा, माझं काय म्हणणं न्हाई." असं म्हणती, पर तवापासून घराबाहेर पडलो की माझा डावा हात धरती. ह्या वयात, भर पेठेतनं. भिमाजी म्हणतो, "काय राव, जपानला जाऊन लई सुधारलास!" हसू द्या. मीबी सोडत न्हाई.

टॉवेल तिनं चुलीत घातला. अक्षदा रोज फोनवर दिसती, धडधाकट हाय, दोन दात पडलेत.

उद्या वरीस भरतंय. उद्या सोमवारच हाय, बाजाराचा.

आज सकाळी आमी दूध घेऊन येत व्हतो. सुभाषच्या दुकानाला नवी काच बसलीय. तिच्यात मी आमाला बघितलं. डाव्या अंगाला कुशा, माझा हात धरून, दुधात पाणी हाय म्हणून एकटीच भांडत चाललेली. आन् माझा उजवा हात खांद्याएवढा वर, कोपरात वाकलेला, बोटं मिटलेली. मी त्यो खाली घेऊन बघितला. आला न्हाई.

कुशानंबी काचेत बघितलं. दुधाची किटली पायरीवर ठेवली.

"उद्या बाजाराला जात न्हाई मी," मी म्हणलो.

"जायचं," ती म्हणली. "मीबी येते."

"बैलबाजारात बाई आलीय का कधी?"

"न्हाई ना आली? मग मला तुमचं रीतरिवाज काय ठावं न्हाईत." तिनं माझा डावा हात दोन्ही हातांनी धरला आन् माझ्या उजव्या अंगाला, जिथं कुणीच नव्हतं, तिथं सरळ तोंड वर करून बघितलं. "दावं माझ्या हातात हाय. त्याला म्हणावं, बोटं नगं. तोंडानं बोल माझ्याशी."